गाठी गेल्या कुठे?

सर बरे होऊ लागले, तेव्हा आमच्यापैकी कुणालाच त्याचा धड आनंद झाला नाही. ऐकायला वाईट वाटतं, पण घडलं ते असंच. प्रत्येकाच्या मनात पाल चुकचुकली, आणि सगळ्यांत मोठ्याने ती खुद्द सरांच्याच मनात चुकचुकली.

सर म्हणजे आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमधले सगळ्यांत जुने शिक्षक. मी त्यांच्याकडेच गाडी शिकले आणि पुढे त्याच स्कूलमध्ये शिकवायला लागले. उंच, किरकोळ अंगाचा माणूस. शर्टाला कडक इस्त्री, खिशात रुमाल घडी करून. स्वभाव जन्मजात संशयी. हिरवा दिवा लागला की विद्यार्थ्याला म्हणायचे, "दिवा लागला, मान्य. पण तो डावीकडचा टेम्पो थांबणार आहे का, ते विचारलंस?" कुणी चहा दिला आणि 'आत्ताच केलाय' म्हटलं की हे आधी कपाला नाक लावणार. घराला कुलूप लावून जिना उतरले की अर्ध्यातून परत वर जाणार, कुलूप ओढून बघणार, आणि ते नीट लागलेलं सापडलं की जास्तच नाराज होणार. "मग मला का वाटलं?"

त्यांच्या बायकोला मी सुरुवातीला काकू म्हणायचे. त्या म्हणाल्या, "काकू म्हणशील तर या घरात तुला पाणीसुद्धा मिळणार नाही." तेव्हापासून त्या ताई. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी, आवाज हळू, जीभ मात्र धारदार. घरात दोघंच. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, खिडकीखाली बसथांबा, आणि सगळ्या भिंतींना पुस्तकांची कपाटं.

आजाराची सुरुवात लघवीतून रक्त जाण्याने झाली. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर शंका घेणाऱ्या या माणसाने त्या एका गोष्टीवर मात्र घेतली नाही. "बीट खाल्लं असेल," म्हणाले, आणि कितीतरी दिवस तेच म्हणत राहिले. मग एकदा भर रस्त्यात विद्यार्थ्याला गाडी कडेला घ्यायला लावली, दार उघडलं आणि बरगडीखाली हात दाबून तिथेच फुटपाथवर बसले. तो विद्यार्थी घाबरून मला फोन करत होता, आणि मागून सरांचा आवाज येत होता, "आधी हॅन्डब्रेक लाव म्हणावं!"

तपासण्या झाल्या. उजव्या किडनीत मोठी गाठ, आणि दोन्ही फुप्फुसांत पांढरे ठिपके पसरलेले. फुप्फुसातल्या एका ठिपक्यात सुई घालून तुकडा काढला, तपासला. कॅन्सरच निघाला, किडनीतून वर गेलेला. डॉक्टर म्हणजे पन्नाशीच्या एक बाई होत्या, शांत, आणि शब्द मोजून वापरणाऱ्या. त्यांनी पडद्यावर चित्र दाखवत सगळं समजावून सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा रिपोर्ट माझाच कशावरून?"

डॉक्टरांनी नाव दाखवलं, जन्मतारीख दाखवली.

"माझ्या जन्मतारखेला काय मी एकटाच जन्मलो?"

ताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे ते गप्प झाले.

गाठी आटोक्यात ठेवायला औषध सुरू करायचं ठरलं. पूर्ण बरं करण्याची भाषा कुणीच केली नाही. पण ते औषध सुरू व्हायच्या आधीच भलतंच झालं. गाडीच्या दाराची कड नडगीला लागून सरांना साधं खरचटलं होतं. त्याकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला होता? ते चिघळलं. पाय गुडघ्यापर्यंत लाल, चकाकता, हात लावू देईनात. ताप असा चढला की अंगावर दोन रजया घालूनही दात वाजत होते. हॉस्पिटलात ठेवलं, सलाईनमधून अँटिबायोटिक्स सुरू झाली. ते सगळे दिवस सर भ्रमात होते. नर्स रक्तदाब घ्यायला आली की तिच्यावर ओरडायचे, "क्लच! क्लच एकदम सोडू नकोस!" ती बिचारी म्हणायची, "नाही सोडत, काका."

ताप उतरला तेव्हा माणूस अर्धा राहिला होता. डॉक्टर ताईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, की या अवस्थेत ते औषध दिलं तर आजाराआधी औषधच त्यांना नेईल. आता घरी न्या, दुखणं आम्ही सांभाळू. किती दिवस, असं ताईंनी विचारलं नाही. डॉक्टरांनी आपणहून सांगितलं, "वर्षाची गोष्ट करू नका."

समोरच्या खोलीत खिडकीला लागून पलंग आला. सरांनी आवराआवर सुरू केली. त्यांची गाडी आणि त्यांचे विद्यार्थी माझ्याकडे सोपवले. मला समोर बसवून गाडीच्या खोड्या सांगितल्या. तिसरा गिअर पडायला कुरकुरतो, पावसात डावा वायपर अडकतो. प्रत्येक विद्यार्थ्याच्याही सांगितल्या. "तो चष्मेवाला उजवीकडे वळताना श्वास रोखतो. त्याच्याशी बोलत राहा." बोलता बोलता थकून डोळे मिटायचे, मग एक डोळा उघडून विचारायचे, "ही रोज दुपारी कुठे जाते?"

ही म्हणजे ताई. रोज दुपारी शेजारच्या मुलीला बसवून त्या बाहेर पडायच्या.

"बाजारात जात असतील," मी म्हणायचे.

"पिशवी न घेता?"

कुठे जातात ते मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्या माझ्याकडेच यायच्या. गाडी शिकायला. लग्नानंतर एकदा सरांनी त्यांना शिकवायचा प्रयत्न केला होता. ताईंनी चौकाच्या मधोमध गाडी थांबवली, किल्ली काढून सरांच्या हातात दिली आणि चालत घरी गेल्या, तो पहिला आणि शेवटचा धडा. आता मात्र त्या म्हणाल्या, "पुढे मला एकटीला यायचं-जायचं आहे. त्यांना सांगू नकोस. त्यांना वाटेल, मी वाट बघतेय." मी शब्द दिला. त्या स्टिअरिंगला असं धरायच्या, जणू कुणी हिसकावून नेणार आहे, आणि एकदाही रडल्या नाहीत.

याच दिवसांत सरांचे थोरले भाऊ आले. कितीतरी वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. कारण त्यांची आई. तिला विसरायला व्हायला लागलं, तेव्हा दादांनी सरांना न विचारता तिला वृद्धाश्रमात ठेवलं, आणि ती तिथेच पहिल्या थंडीत गेली. सरांचं म्हणणं, दादाने आईला टाकलं. दादांचं म्हणणं, हा नुसता फोनवर सल्ले देत होता, आईचे कपडे एकदाही धुतले नाहीत याने. दोघंही आपापल्या जागी ठाम, आणि मध्ये आई नाही.

दादा आले, पलंगाजवळ खुर्चीवर बसले. मी आणि ताई स्वयंपाकघरात होतो, दार उघडंच होतं. सरांनी त्यांचा हात हातात घेतला. "दादा, तुझं बरोबर होतं. चूक माझी होती." इतकंच. तो सत्तरीचा, जाडजूड, कुणाला न जुमानणारा माणूस लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. जाताना ताईंना म्हणाला, "छोट्याने माझ्या छातीवरचा दगड उतरवला."

आता सगळं आवरलं होतं. फक्त सर जायचे राहिले होते. आणि ते काही जाईनात.

एक दिवस त्यांनी अंडं मागितलं. अर्धं नाही, अख्खं. ते खाल्लं आणि आणखी एक मागितलं. ताईंनी बशी पुढे ठेवली आणि तिथेच उभ्या राहून त्यांच्याकडे बघत राहिल्या. हॉस्पिटलातल्या नर्सने त्यांना सांगून ठेवलं होतं, की शेवटी शेवटी काही माणसं अचानक तरतरीत होतात, खायला मागतात, गप्पा मारतात. त्याला भुलू नका. ताईंनी दादांना फोन केला, "लगेच या." दादा रात्रभर प्रवास करून आले, तर सर उशीला टेकून पाव खात होते. दोन दिवस वाट बघून दादा परत गेले. काही आठवड्यांनी सर स्वतःहून उठून बाथरूमपर्यंत गेले. ताईंनी परत फोन केला. दादा परत आले, परत गेले. त्यानंतर फोन केला तेव्हा दादा म्हणाले, "हे बघ, आधी नक्की काय ते ठरू दे. मग कळव."

पण खरा भडका उडाला तो गोळ्यांवरून. पलंगाची चादर बदलताना ताईंना गादीखाली रुमालाची पुरचुंडी सापडली. आत दुखण्यावरच्या गोळ्या. ताईंनी दिलेल्या, आणि सरांनी जिभेखाली धरून नंतर काढून ठेवलेल्या. त्या दिवशी मी सरांना भेटायला गेले, तर दारातूनच आवाज ऐकू आला. ताईंचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"कशाला साठवताय या? एकदम घ्यायला?"

"नाही गं."

"मग कशाला?"

"दुखत नाहीये," सर म्हणाले.

"खोटं बोलताय."

"नाही दुखत. बरेच दिवस झाले."

"मग सांगितलं का नाहीत?"

सरांनी चादरीचं टोक नीट खोचलं. मग म्हणाले, "मला वाटलं, आतलं दुखायचंसुद्धा बंद पडलं. म्हणजे आता झालंच. तुला कशाला सांगू?"

ताई खाली वाकून पुरचुंडीतल्या गोळ्या मोजायला लागल्या. मी चपला हातात घेऊन तशीच दारात उभी. आत जावं की परत फिरावं तेच कळेना. शेवटी ताईंनीच मान वर केली आणि मला म्हणाल्या, "उद्या गाडी मोकळी आहे का? हॉस्पिटलात जायचंय."

स्कॅन झाला. डॉक्टर नव्या चित्राकडे बघत होत्या, मग जुन्याकडे, मग परत नव्याकडे. दाढेत काहीतरी अडकावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. फुप्फुसातले ठिपके बहुतेक गेले होते. राहिलेले होते ते पुसट. किडनीतली गाठ आक्रसली होती.

"तुम्ही बाहेरचं काही घेत होतात का? जडीबुटी, पुड्या, काहीही. मी रागावणार नाही, पण खरं सांगा."

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुमचं यंत्र तपासून घ्या आधी."

यंत्र तपासलं होतं. डॉक्टरांनी दुसऱ्या यंत्रावर पुन्हा स्कॅन केला. तेच. मग त्यांना वेगळीच शंका आली, की मुळात तुकडाच दुसऱ्या कुणाचा नव्हता ना? त्या तुकड्याचा काप लावून जपून ठेवलेली काच बाहेर काढली, दोन वेगळ्या प्रयोगशाळांत पाठवली. उत्तर एकच आलं: कॅन्सर. मग त्या तुकड्याची सरांच्या रक्ताशी जुळणी करून बघितली. तुकडा सरांचाच.

"असं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "फार, फार क्वचित. किडनीच्या कॅन्सरमध्ये इतरांपेक्षा जरा जास्त ऐकिवात आहे, तरी माझ्या आख्ख्या नोकरीत हे पहिल्यांदा बघतेय. तुम्हाला तो ताप आला होता, त्याने शरीराची संरक्षक फौज खडबडून जागी झाली असेल. असेल, म्हणतेय मी. हा अंदाज आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"नाही."

"मग गाठी गेल्या कुठे?"

"शरीरानेच खाल्ल्या असाव्यात."

सर बाहेर येऊन मला म्हणाले, "यात कुठेतरी पाणी मुरतंय. बाई आधी चुकल्या आणि आता झाकाझाक चाललीय." ते ऐकून मलाच राग आला. डॉक्टरांनी इतकं सगळं तपासून दाखवलं होतं. पण सरांचं एकच. ती काच घेऊन ते दुसऱ्या गावातल्या एका म्हाताऱ्या तज्ज्ञाकडे गेले. त्या गृहस्थांनी डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला, मग स्कॅन बघितला, आणि म्हणाले, "हा कॅन्सरच होता. आणि हे फुप्फुस आता जवळजवळ स्वच्छ आहे. दोन्ही खरं आहे. तुम्हाला यातलं कुठलं नको आहे?"

सरांनी काच रुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

त्या गावाला जायच्या सकाळीच आणखी एक प्रकार घडला होता. मला ऐन वेळी अडचण आली म्हणून मी गेलेच नव्हते. त्यांना न्यायला ठरवलेली टॅक्सी आलीच नाही. तेव्हा ताईंनी मला फोन केला, माझी गाडी मागवून घेतली, आणि सरांना म्हणाल्या, "बसा." स्वतः चाकामागे बसल्या. सर जाता-येता वाटभर एक अक्षर बोलले नाहीत. परत घरासमोर उतरल्यावर म्हणाले, "आरशात बघत नाहीस." मग जरा थांबून, "कोणी शिकवलं?"

ताईंनी माझं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी सर स्कूलमध्ये येऊन माझ्या टेबलासमोर उभे. मी उठून उभी राहिले. "पार्किंग कच्चं आहे तिचं," म्हणाले. आणि जाता जाता, माझ्याकडे न बघता, "म्हणजे तुम्ही दोघींनी माझ्यानंतरचं सगळं लावून ठेवलं होतंत." त्यात तक्रार होती की आणखी काही, मला आजही सांगता येणार नाही.

बिल्डिंगमध्ये वेगळीच कुजबुज सुरू होती. कुणी म्हणे, कॅन्सर नव्हताच, साधा मुतखडा होता. कुणी म्हणे, परदेशातून काहीतरी मागवलंय आणि ताकास तूर लागू देत नाहीयेत. आमचे स्कूलचे मालकही एकदा मला हळूच म्हणाले, "होता ना गं नक्की?" सर जिन्यात भेटले की लोक आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि मग पोटाकडे, जणू आत काय आहे ते शर्टावरून कळणार होतं.

या सगळ्यात एकच माणूस सरळ दार वाजवून आला. वरच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाई. त्यांच्या बहिणीला कॅन्सर होता, पोटात पसरलेला, उपचार चालू होते. मी त्या दिवशी तिथेच होते. बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या, ताईंनी दिलेल्या पाण्याला हात लावला नाही.

"भाऊ, मी कुणाला सांगणार नाही. काय घेतलंत?"

"काही नाही घेतलं."

"कुणी दिलं असेल आणि शब्द घेतला असेल, तर निदान दिशा तरी सांगा. मी शोधून काढेन."

"अहो, खरंच काही नाही. मला ताप आला होता. डॉक्टर म्हणतात, कदाचित त्यामुळे. तेसुद्धा कदाचित."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "माझी बहीण माझ्याहून लहान आहे," म्हणाल्या. "तुमचं सांगायला काय जातं?"

सरांचा चेहरा मी बघत होते. त्यांनी ओठ उघडले, मिटले. नंतर त्यांनी मला सांगितलं, की त्या क्षणी तोंडात आलं होतं, काहीतरी सांगून टाकावं. रोज सकाळी गरम पाणी पितो, म्हणावं. अमुक पाला चघळतो, म्हणावं. निदान ती बाई रिकाम्या हाताने जिना चढणार नाही. पण मग ती बहिणीचं औषध थांबवून तो पाला चघळायला लावणार, हेही त्यांना दिसलं.

"तिचे उपचार सोडू नका," सर म्हणाले. "एवढंच सांगू शकतो. माझ्याकडे असतं तर मी स्वतः वर आणून दिलं असतं."

बाई उठल्या. दारात वळून म्हणाल्या, "मला नाही खरं वाटत, भाऊ." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. काही महिन्यांनी त्यांची बहीण गेली. सर अंत्यदर्शनाला जाऊन मागे उभे राहिले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. अजूनही लिफ्टमध्ये सर असले की त्या जिन्याने जातात.

आणि मग दादा आले. या वेळी फोन न करता, मी तिथे असतानाच. सर टेबलाशी बसून इस्त्री केलेल्या शर्टाचं बटण लावत होते. दादांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बरा दिसतोस."

"हो, म्हणजे तसं म्हणतात."

"एक विचारतो. त्या दिवशी तू म्हणालास, चूक माझी होती. ते खरं वाटत होतं म्हणून म्हणालास, की मरणार म्हणून?"

ताई म्हणाल्या, "दादा, आधी चहा घ्या."

"चहा नको. याला बोलू दे."

सरांनी बटण लावून संपवलं. मला वाटतं, थाप मारायला तेवढा वेळ पुरेसा होता. "मरणार म्हणून," ते म्हणाले. "तुला बरं वाटावं म्हणून. मला अजूनही वाटतं, तू मला विचारायला हवं होतंस."

दादांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी आईच्या फोटोपुढे उभा राहून सांगितलं होतं, छोट्याने मला माफ केलं. तू मला फसवलंस. मेला असतास तर..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. दार आपटून निघून गेले. सर त्या बंद दाराकडे बघत म्हणाले, "बघ, मी गेलो असतो तर सगळं किती नीट झालं असतं."

"पुरे," ताई म्हणाल्या. त्यांनी हातातली बशी टेबलावर ठेवली. "तुमच्या मागून मी कशी जगणार, ते मी ठरवून बसले होते. मनातून मी तुम्हाला एकदा सोडून दिलंय. आता परत धरायचं म्हणजे वेळ लागणार. आणि वर तुम्ही हे असं बोलता." त्या आत गेल्या. त्या रात्री, आणि पुढेही कित्येक रात्री, त्या पुस्तकांच्या खोलीत झोपल्या. सर मला म्हणायचे, "ती माझ्याकडे अशी बघते, जसं मी दुधाकडे बघतो. नासलंय का, नासलंय का." सांगताना ते हसले नाहीत, म्हणून मीही हसले नाही.

डॉक्टरांचं म्हणणं पडलं, की उरलेली गाठ किडनीसकट काढून टाकावी. सर तयार नव्हते. "आपोआप जातेय तर कशाला छेडता?" म्हणाले. डॉक्टर म्हणाल्या, "ती आपोआप का जातेय ते मला माहीत नाही, म्हणूनच ती आपोआप परत येणार नाही असं मी म्हणू शकत नाही." हा तर्क सरांना पटला. संशयावर चालणारं बोलणं त्यांना नेहमीच पटायचं.

ऑपरेशनच्या सकाळी मी आणि ताई वॉर्डात होतो. सरांना हिरवा अंगरखा घातलेला, पाय उघडे, नडगीवर त्या जुन्या जखमेचा तपकिरी व्रण. पडदा बाजूला सारून दादा आत आले. हातात छोटी बॅग, डोळे जागरणाने लाल. कुणी कळवलं होतं कोण जाणे. ताईंनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, तेव्हा मला उमगलं.

"भांडायला आलोय," दादा म्हणाले. "नंतर भांडू. पण या वेळी जाण्याआधी मला काही कबूलबिबूल करू नकोस."

"नाही करणार."

"माझं बरोबर होतं असंही म्हणू नकोस."

"नव्हतंच ते बरोबर."

"ठीक," म्हणून दादा खुर्चीवर बसले, आणि सरांना आत नेईपर्यंत हलले नाहीत.

किडनीतली गाठ तपासली गेली. बहुतेक सगळी मेलेली, आतून चुन्यासारखी झालेली. एका कोपऱ्यात मात्र थोड्या जिवंत पेशी सापडल्या. ते ऐकून ताईंनी डोळे मिटून घेतले. सरांना मात्र, खोटं कशाला सांगू, जरा बरंच वाटलं. "म्हणजे होता," ते म्हणाले. "बिल्डिंगमध्ये सांग सगळ्यांना. होता."

त्याला आता बरीच वर्षं झाली. सर परत शिकवतात, पूर्वीपेक्षा कमी तास. ताईंची उशी समोरच्या खोलीत परत आली. कधी आली ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. डॉक्टरांनी मध्ये शिकाऊ डॉक्टरांपुढे सरांना बसवलं होतं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "आज यांच्या अंगात आजाराचा मागमूसही नाही." सरांनी लगेच हात वर केला. "दिसत नाही, असं म्हणा." मुलं हसली. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हटलं.

तपासणीची तारीख जवळ आली की सरांचं पूर्वीसारखंच सुरू होतं. खोकला आला की रुमाल उलगडून बघणार, शर्ट सैल वाटला की ताईंना बोलावणार, कुणी 'छान दिसताय' म्हटलं की दिवसभर तोंड पाडून बसणार. त्या दिवशी दादाही गाडी पकडून येतात. स्कॅनच्या खोलीबाहेर निळ्या खुर्च्यांवर हे दोघे भाऊ शेजारी बसतात आणि आईवरून भांडतात. कोणी किती वेळा फोन केला, त्या आश्रमातली खिडकी उत्तरेला होती की नाही, तिला शाल कोणी पाठवली होती. मागच्या खेपेला आवाज इतके चढले, की नर्सने बाहेर येऊन विचारलं, "पेशंट कोण आहे यातला?"

"हा," दादा म्हणाले.

"अजून ठरायचंय," सर म्हणाले, आणि उठून आत गेले.